दुपटीला तीन, दसपटीला दहा

भाद्रपद जवळ आला की मुंबईच्या उपनगरांत एक ठरलेला वाद सुरू होतो. अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड असो की घाटकोपर. समोरासमोरच्या इमारतींमधल्या गल्लीत मंडप उभा राहतो, त्याच्या तोंडाशी ध्वनिक्षेपकांचे खोके रचले जातात आणि एक-दोन दिवसांतच कुणा आजारी आजोबांच्या घरून किंवा घटक चाचणीला बसलेल्या मुलाच्या आईकडून तक्रार येते. मग बैठक बसते. रहिवासी म्हणतात, "आवाज निम्मा करा." मंडळाची मुलेही समंजसपणा दाखवतात. चार खोक्यांपैकी दोन खाली उतरवतात. संध्याकाळी गाणी पुन्हा लागतात आणि वाद आणखी चिघळतो. रहिवाशांना वाटते, मुलांनी आपल्याला बनवले. आवाज होता तसाच आहे. मुलांना वाटते, निम्मे सामान उतरवूनही यांचे समाधान होत नाही, तेव्हा यांना उत्सवच नको आहे.

गंमत अशी की दोन्ही पक्ष खरे बोलत असतात. खोके निम्मे झालेले असतात, हे खरे. आणि आवाज जवळजवळ तेवढाच राहिलेला असतो, हेही खरे! या दोन सत्यांच्या मध्ये एक छोटेसे गणित लपलेले आहे. ते न कळल्यामुळे चांगले शेजारी एकमेकांना खोटे ठरवतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे : ध्वनिक्षेपकाच्या आवाजाबद्दल वॅटमध्ये बोलणे आपण बंद केले पाहिजे आणि डेसिबलमध्ये बोलायला शिकले पाहिजे. हे शिक्षण नववी-दहावीच्या वर्गातच व्हायला हवे, कारण मंडपात खोक्यांच्या सर्वांत जवळ उभी असतात ती याच वयाची मुले, आणि चारपाच वर्षांत ॲम्प्लिफायरची खुंटी त्यांच्याच हाती येणार असते.

वॅट कशाचे, डेसिबल कशाचे?

वॅट हे शक्तीचे एकक आहे, हे तुम्ही शिकला आहात. ॲम्प्लिफायर १०० वॅटचा आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो ध्वनिक्षेपकाला दर सेकंदाला १०० ज्यूल विद्युत ऊर्जा देऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. ध्वनिक्षेपक त्या ऊर्जेचे काय करतो, ही पुढची गोष्ट झाली. तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात मागेपुढे हलते, त्याला जोडलेला कागदी शंकू हवेला ढकलतो आणि ध्वनितरंग निघतात. या खटाटोपात बहुतेक ऊर्जा वेटोळे तापवण्यात खर्ची पडते. घरगुती वापराच्या साध्या खोक्यात १०० भागांपैकी जेमतेम एक भाग ध्वनी म्हणून बाहेर पडतो. तेव्हा वॅटवरून आवाज सांगणे म्हणजे शेगडीत कोळसा किती घातला यावरून भात किती शिजला ते सांगण्यासारखे आहे.

डेसिबल मोजले जातात ते आवाज जिथे पोहोचतो तिथे. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची तीव्रता दर चौरस मीटरला एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग एवढी धरतात. कानाला वेदना होऊ लागतात ती तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे एक वॅट. म्हणजे आपला कान एकास एक लाख कोटी एवढ्या प्रचंड पल्ल्यात काम करतो! इतके मोठे आकडे हाताळणे जिकिरीचे असते. टेलिफोनच्या लांब तारांमध्ये संदेशाची शक्ती किती घटते, हे मोजताना अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांपुढे हीच अडचण होती. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी त्यावर तोड काढली. शक्ती किती पट झाली हे सांगण्याऐवजी त्या पटीचा लॉगॅरिथम सांगायचा. या एककाला टेलिफोनचा संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्या सन्मानार्थ 'बेल' असे नाव मिळाले. त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबल.

लॉगॅरिथम हा शब्द ऐकून दचकू नका. दहाच्या पटीत तो म्हणजे फक्त एकावरील शून्यांची संख्या. दहापट म्हणजे एक शून्य, एक बेल, १० डेसिबल. शंभरपट म्हणजे दोन शून्ये, २० डेसिबल. एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्ये, १२० डेसिबल. आणि दुप्पट? दोनाचा लॉगॅरिथम ०.३०१०, त्याला दहाने गुणले की झाले ३ डेसिबल. सारे गणित असे मांडता येईल :

शक्ती दुप्पट : ३ डेसिबल वाढ
शक्ती चौपट : ६ डेसिबल वाढ
शक्ती आठपट : ९ डेसिबल वाढ
शक्ती दसपट : १० डेसिबल वाढ
शक्ती शंभरपट : २० डेसिबल वाढ
शक्ती हजारपट : ३० डेसिबल वाढ

हे कोष्टक पाठ करायचीही गरज नाही. "दुपटीला तीन, दसपटीला दहा" एवढे ध्यानात ठेवले की बाकीचे आपोआप येते. चाळीसपट म्हणजे दसपटीची चौपट, म्हणून १० अधिक ६, म्हणजे १६ डेसिबल. पटींचा गुणाकार, डेसिबलांची बेरीज!

आता कानाकडे वळू. तीन डेसिबलांचा फरक कानाला कळतो खरा, पण तो थोडासाच वाटतो. एखादा आवाज दुप्पट मोठा झाला असे बहुतेकांना वाटते ते साधारण १० डेसिबल वाढल्यावर. म्हणजे शक्ती दहापट झाल्यावर! उलटही तेवढेच खरे. आवाज निम्मा वाटायला हवा असेल, तर शक्ती एक दशांश करावी लागते. आपल्या मंडळाच्या मुलांनी चारांतले दोन खोके उतरवले, म्हणजे ३ डेसिबल कमी केले. रहिवाशांना हवी होती ती १० डेसिबलांची घट. भांडणाचे मूळ या सात डेसिबलांत आहे.

हाच नियम उलट्या दिशेनेही लागू होतो. शेजारच्या मंडळाचा ॲम्प्लिफायर ५०० वॅटचा, म्हणून आपण १००० वॅटचा आणायचा, या चढाओढीत भाडे भरमसाट वाढते आणि पदरात पडतात ते तीन डेसिबल. वर्गणीच्या पैशाचा याहून वाईट उपयोग शोधून काढणे कठीण आहे.

खोक्यावर छापलेला आकडा

बाजारात जे वॅट छापलेले असतात त्यांचीही थोडी झडती घ्यायला हवी. संगणकाला किंवा दूरदर्शन संचाला जोडायच्या छोट्या ध्वनिक्षेपकांवर 'पीएमपीओ' या अक्षरांसह हजार-दोन हजार वॅटचे आकडे छापण्याची पद्धत आपल्याकडे बरीच वर्षे होती. असे संच अजूनही काही घरांत दिसतील. हा आकडा म्हणजे क्षणभरात निघू शकणारी काल्पनिक कमाल शक्ती, आणि ती कशी काढायची याचा सर्वमान्य नियमही नाही. त्याची परीक्षा तुम्ही घरी घेऊ शकता. संचाच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा आणि त्यांचा गुणाकार करा. १२ व्होल्ट आणि २ अँपिअर असतील, तर २४ वॅट झाले. या संचातून सतत २४ वॅटांपेक्षा अधिक शक्ती निघणे शक्यच नाही, मग वेष्टनावर दोन हजार का छापलेले असेनात! ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जाहिरातदारांनाही बदलता येत नाही.

प्रामाणिकपणे मोजलेले वॅटसुद्धा आवाज सांगायला पुरेसे नसतात. त्यासाठी ध्वनिक्षेपकाची संवेदनक्षमता माहीत हवी. एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. चांगले उत्पादक तो माहितीपत्रकात देतात. घरगुती खोक्याचा आकडा ८८ च्या आसपास असतो, तर सभेत आणि प्रार्थनास्थळांवर दिसणाऱ्या कर्ण्याचा, म्हणजे आपल्या भोंग्याचा, १०५ च्या आसपास. कर्ण्याचा हळूहळू रुंदावत जाणारा आकार पडद्याची हालचाल हवेपर्यंत अधिक चांगली पोहोचवतो आणि आवाज एका दिशेला एकवटतो. म्हणून त्याचा आकडा इतका मोठा.

आता हिशेब करा. घरगुती खोक्याला १०० वॅट दिले, तर एक मीटरवर ८८ अधिक २०, म्हणजे १०८ डेसिबल. कर्ण्याला नुसते ३० वॅट दिले, तर १०५ अधिक सुमारे १५, म्हणजे १२० डेसिबल. वॅट एक तृतीयांशाहून कमी आणि आवाज १२ डेसिबलांनी जास्त! "आमचा ॲम्प्लिफायर अगदी छोटा आहे हो," असे कुणी सांगितले, तर त्याला पुढे कोणता ध्वनिक्षेपक जोडला आहे, हे आधी विचारावे.

गल्लीतले गणित

ध्वनी जसा दूर जातो तसा पसरतो आणि पातळ होतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते, म्हणजे ६ डेसिबल कमी होतात. मंडपातील एका खोक्याची संवेदनक्षमता ९५ आहे आणि ॲम्प्लिफायरवर १००० वॅट छापलेले आहेत, असे समजू. संगीतात आवाज सतत कमीजास्त होत असतो, म्हणून सरासरी शक्ती छापील आकड्याच्या एक दशांश, म्हणजे १०० वॅट धरू. एक मीटरवर ९५ अधिक २०, म्हणजे ११५ डेसिबल झाले. ३२ मीटरवरच्या खिडकीपर्यंत अंतर पाच वेळा दुप्पट होते : १, २, ४, ८, १६, ३२. पाच गुणिले सहा, म्हणजे तीस. खिडकीशी आवाज उरला ८५ डेसिबल.

कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम फेब्रुवारी २००० मध्ये अमलात आले. निवासी भागासाठी त्यांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. इथे दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावला, तर त्या जागेच्या सीमेवर आवाज या मर्यादेपेक्षा फार तर १० डेसिबलांनी अधिक किंवा ७५ डेसिबल, यांतील जी मर्यादा कमी असेल तिच्या आत राहिला पाहिजे. निवासी भागात दिवसा हा आकडा ६५ येतो. सणासुदीच्या काही दिवशी, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, राज्य सरकार रात्री १० ते १२ या वेळेत ध्वनिक्षेपकाला परवानगी देऊ शकते. लक्षात घ्या, ही सवलत वेळेची आहे. त्या दिवशी हवा तेवढा आवाज करावा, असा तिचा अर्थ नाही.

आपली ३२ मीटरवरची खिडकी हीच सीमा मानली, तर ८५ वरून ६५ वर यायला २० डेसिबल घटवावे लागतील. वीस डेसिबल म्हणजे शंभर भागिले. १०० वॅटच्या जागी १ वॅट! एवढा मोठा ॲम्प्लिफायर आणून त्यातला एकच वॅट वापरायचा असेल, तर तो आणायचा तरी कशाला? शिवाय हे गणित मोकळ्या मैदानाचे आहे. उपनगरांतल्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून ध्वनी परावर्तित होतो आणि अंतराबरोबर सहाऐवजी त्याहून कमीच डेसिबल घटतात. तिथे एक वॅटसुद्धा जास्त होईल.

कानाचा हिशेब दुपटीत

"दहा दिवसांचा तर उत्सव, सोसा थोडे," असे म्हणणाऱ्यांना आणि "आम्हाला काही त्रास होत नाही," असे सांगणाऱ्या मुलांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आवाजाची जाणीव लॉगॅरिथमने चालते. इजा मात्र ऊर्जेच्या बेरजेने साठत जाते.

आपल्या आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीने त्यांवरचे सूक्ष्म केस हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. फार मोठा किंवा फार वेळ आवाज झाला की या पेशी थकतात आणि पुढे मरतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा तयार होतात. माणसाच्या कानात होत नाहीत. जन्मताना मिळालेल्या पेशींवरच आयुष्य काढायचे असते.

कारखान्यांतील कामगारांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने दिलेला दंडक असा : ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांहून अधिक राहू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलांना ही वेळ निम्मी करावी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटे. आपल्या उदाहरणातल्या खोक्यापासून दोन मीटरवर नाचणाऱ्या मुलाच्या कानाशी १०९ डेसिबल असतात. म्हणजे १०० पेक्षा नऊ डेसिबल अधिक. पंधरा मिनिटे तीन वेळा निम्मी केली की दोन मिनिटांहूनही कमी वेळ उरतो. एका गाण्याची सुरुवात संपण्याआधीच त्या दिवसाचा वाटा संपला!

आता पुन्हा त्या चढाओढीकडे पाहा. ५०० वॅटचे १००० वॅट केले. कानाला फरक जेमतेम जाणवला, म्हणून मुले म्हणाली, "काही फारसे वाढले नाही." पण केशपेशींवर पडणारा भार बरोबर दुप्पट झाला. वॅटच्या भाषेतला खरा धोका हा आहे. जेवढे वाढवतो तेवढे कानाला जाणवत नाही आणि जेवढे जाणवत नाही तेवढे अंगी लागते. उत्सवानंतर कानात दोन दिवस 'कुंई' असा आवाज येत राहिला, तर ती कानाने दिलेली सूचना समजावी.

न्यायालयाची सूचना आणि तिच्यातला एक पेच

२३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या विषयावर एक महत्त्वाचा निकाल दिला. कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगर-चुनाभट्टी परिसरातील दोन रहिवासी संघटना न्यायालयात गेल्या होत्या. ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने सांगितले. ध्वनिक्षेपकांतच डेसिबलांची मर्यादा आपोआप पाळली जाईल अशी अंगभूत योजना करण्याबाबत निर्देश देण्याचा सरकारने विचार करावा, असेही न्यायालयाने म्हटले. ही सूचना मला फार मोलाची वाटते. तक्रार आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आवाज मुळाशीच बांधून घेणे केव्हाही बरे.

पण ती अमलात आणताना आपले गणित विसरून चालणार नाही. ॲम्प्लिफायरच्या आत बसवलेली मर्यादा व्होल्ट आणि वॅट ओळखते. खिडकीशी किती डेसिबल पोहोचले, हे तिला कसे कळणार? ८८ संवेदनक्षमतेच्या खोक्यावर मर्यादा ठरवून ॲम्प्लिफायरला मोहोर लावली आणि दुसऱ्या दिवशी त्याला १०५ चा कर्णा जोडला, तर मोहोर न तुटता आवाज १७ डेसिबलांनी वाढेल. म्हणजे जणू पन्नासपट वॅट! म्हणून माझे मत असे की मर्यादा ॲम्प्लिफायर, ध्वनिक्षेपक आणि जागा या तिघांची मिळून ठरवावी. ध्वनिक्षेपक जिथे असायचा तिथे बसवून, ठरलेल्या खिडकीशी मीटर धरून, खुंटीवर खूण करावी आणि तिच्या पुढे ती जाणार नाही असा अडसर घालावा. ध्वनिक्षेपक बदलला, तर मोजणी पुन्हा करावी. रिक्षाच्या मीटरची तपासणी करून त्याला मोहोर लावतात, त्यात आणि यात फारसा फरक नाही.

आणखी एक बाब. नियमांतले डेसिबल 'ए' मापनाचे आहेत. कान मंद्र आवाजांना कमी संवेदनशील असतो, म्हणून या मापनात मीटर ते आवाज कमी धरतो. ५० हर्ट्झच्या घुमाऱ्यातून तो सुमारे ३० डेसिबल वजा करतो. त्यामुळे मोठमोठ्या मंद्र खोक्यांनी खिडक्यांची तावदाने थरथरत असताना मीटरवरचा आकडा त्या मानाने लहान दिसतो. अशा ठिकाणी मंद्र आवाजही जवळजवळ पुरेपूर मोजणारे 'सी' मापनसुद्धा नोंदवावे, म्हणजे तक्रार करणाऱ्याला "मीटर तर ठीक दाखवतो आहे" असे ऐकावे लागणार नाही.

थोडे वॅट, जवळचे ध्वनिक्षेपक

"पण ६५ डेसिबल म्हणजे रस्त्यावरच्या गोंगाटाएवढेच झाले. आरती कुणाला ऐकू येणार?" हा आक्षेप खोटा नाही. त्याचे उत्तर ध्वनिक्षेपकांच्या मांडणीत आहे. समजा, मंडप अरुंद आणि १६ मीटर लांब आहे आणि सर्वांना किमान ७५ डेसिबल आवाज हवा आहे. सगळा आवाज पुढच्या एकाच खोक्यातून काढायचा, तर शेवटच्या रांगेला ७५ मिळण्यासाठी खोक्याशी एक मीटरवर ९९ डेसिबल हवेत. मग दोन मीटरवर बसलेल्यांच्या कानांवर ९३ डेसिबल आदळतात आणि ३२ मीटरवरच्या खिडकीत ६९ जातात. त्याऐवजी मंडपात दर चार मीटरवर एक, असे चार छोटे ध्वनिक्षेपक माणसांकडे तोंड करून टांगले, तर कुणीही चार मीटरहून दूर राहत नाही. प्रत्येकाशी एक मीटरवर ८७ डेसिबल पुरतात; म्हणजे आधीच्या शक्तीचा सोळावा भाग. चारही मिळून शक्ती चौथाई होते आणि खिडकीतला आवाज ६ डेसिबलांनी उतरून सुमारे ६३ वर येतो. आरती सर्वांना स्पष्ट ऐकू येते, पहिल्या रांगेचे कान वाचतात आणि कायदाही पाळला जातो. भाडेही अर्थातच कमी पडते!

बोरिवली-मुलुंडच्या मैदानांवर नवरात्रात गरबा होतो, तिथेही हेच तत्त्व लावता येईल. एका टोकाला खोक्यांची भिंत उभारण्यापेक्षा मैदानाभोवती, आत तोंड करून, लहान ध्वनिक्षेपक लावावेत. नाचणाऱ्यांना ताल हवा असतो. तो मैदानाबाहेरच्या इस्पितळापर्यंत पोहोचायची गरज नसते. इस्पितळे, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र ठरू शकतात, हेही आयोजकांनी ध्यानात ठेवावे.

शाळेपासून सुरुवात

शिक्षकांना एक विनंती. दुसऱ्यांना सांगण्याआधी आपल्या शाळेचा ध्वनिक्षेपक मोजा. क्रीडादिनाला आणि स्नेहसंमेलनाला शेजारच्या इमारतींकडे तोंड करून लावलेले कर्णे सकाळपासून गर्जत असतील, तर ध्वनिप्रदूषणावरचा धडा शिकवून काय उपयोग?

मोजणी अवघड नाही. मोबाइलवर ध्वनी मोजणारी ॲप विनामूल्य मिळतात. त्यांचे आकडे काही डेसिबलांनी चुकतात, त्यामुळे न्यायालयात पुरावा म्हणून ते चालायचे नाहीत; त्यासाठी प्रमाणित मीटरच हवा. पण एकाच मोबाइलने घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक बराच विश्वासार्ह असतो आणि आपल्याला फरकच पाहायचा आहे. एका ध्वनिक्षेपकावर एकसुरी आवाज मध्यम पट्टीत लावा. मोकळ्या मैदानात १, २, ४, ८ आणि १६ मीटरवर आकडे घ्या. दर पायरीला सहा डेसिबल उतरतात का, ते पाहा. हाच प्रयोग शाळेच्या लांब व्हरांड्यात करा आणि तिथे उतार कमी का येतो, याचे कारण लिहा. मग सारखेच दोन ध्वनिक्षेपक घेऊन त्यांवर रेडिओची खरखर लावा आणि एक बंद करा. मीटर किती उतरला? डोळे मिटून ऐकणाऱ्या मित्राला आवाज "निम्मा" वाटला का? हा शेवटचा प्रयोग मंडळाच्या बैठकीतही करून दाखवण्यासारखा आहे. भाषणे ऐकून न पटलेली गोष्ट दोन मिनिटांत पटेल.

पुढच्या गणेशोत्सवाआधी तुमच्या वसाहतीत बैठक बसेल, तेव्हा तिथे जा. "आवाज निम्मा करा" असे कुणी म्हटले, तर नम्रपणे विचारा, "काका, किती डेसिबल आणि कोणत्या खिडकीशी?" वहीत मंडपाचा आणि इमारतींचा साधा नकाशा काढून न्या. अंतरे पावलांनी मोजलेली असली तरी चालतील. आपल्याकडे उत्सवप्रिय माणसे पुष्कळ आहेत आणि शांतताप्रिय माणसेही पुष्कळ आहेत. बहुतेक घरांत तर ती एकाच कुटुंबात नांदतात. त्यांच्यात समेट घडवायला पोलीस लागतीलच असे नाही. बऱ्याचदा एक वही, एक मोबाइल आणि दोनाचा लॉगॅरिथम पुरेसा होईल.